पासवर्ड बदलायची घाई नको, ताई: घरात जाच असेल तर धंद्याचा ईमेल कसा सांभाळायचा



या आठवड्याचा व्हिडिओ नेहमीपेक्षा वेगळा आहे. किंमत कशी ठरवायची, गिऱ्हाईक कसं टिकवायचं हे आपण दर वेळी बोलतो. या वेळी विषय आहे ईमेलचा, आणि तोही अशा ताईंसाठी, ज्यांच्या घरातच त्यांच्यावर नजर ठेवली जाते. व्हिडिओत सगळ्या पायऱ्या नीट सांगता येत नाहीत, म्हणून हा लेख.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. तुमचा फोन घरातलं कुणी तपासत असेल, तर हा लेख या फोनवर वाचू नका. बहिणीच्या, मैत्रिणीच्या किंवा बचत गटातल्या विश्वासाच्या बाईच्या फोनवर वाचा. इथे उघडलाच असेल तर हिस्टरीतून एवढं एकच पान काढा. सगळी हिस्टरी एकदम पुसली तर ती रिकामी दिसते, आणि रिकामी दिसली की प्रश्न सुरू होतात.

दुसरं, या लेखाखाली स्वतःचा अनुभव कमेंटमध्ये लिहू नका. कमेंट सगळ्यांना दिसते, त्याच्यासकट. लाईक, शेअर, सबस्क्राइब हे या वेळी मी म्हणणार नाही.

धंद्याच्या चॅनेलवर हा विषय कशाला?

कारण आकडे मोठे आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे पाचव्या फेरीत, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात असंही दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती. आपल्या कुठल्याही प्रशिक्षणाच्या वर्गात ५० बायका बसल्या असतील, तर हा विषय कुणालाच लागू नाही असं म्हणता येईल का?

आणि आपला धंदा यात थेट अडकलेला असतो. समजा, एक ताई घरून मसाले आणि पापड विकते. धंदा सुरू केला तेव्हा जीमेल नवऱ्याने काढून दिलं. पासवर्ड त्याला माहीत, रिकव्हरीचा नंबर त्याचा. तेव्हा घर ठीक चाललं होतं, कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे घरात मारहाण सुरू झाली. आता तिची प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक बिल, बँकेचा प्रत्येक मेल तो आधी वाचतो. तिने वकिलाला मेल केला, तर तोही वाचेल. ती बाहेर पडायचा विचार करतेय हे तिने कुणाला सांगायच्या आधी त्याला कळेल.

या ताईला बहुतेक जण एकच सल्ला देतील, "पासवर्ड बदलून टाक." हाच सल्ला तिच्या अंगावर येऊ शकतो. का, ते आता बघू.

ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा

आपल्याला वाटतं ईमेल म्हणजे पत्रं. पण धंद्यात ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा असतो. जरा मोजून बघा. उद्यम नोंदणी, जीएसटी, इन्कम टॅक्सचं पोर्टल, बँकेची स्टेटमेंट, अन्न परवाना, ऑनलाइन विक्रीची दुकानं, इन्स्टाग्राम, गूगलवरची धंद्याची नोंद, या सगळ्यांना तोच ईमेल दिलेला असतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड लावायची लिंक किंवा ओटीपी त्याच ईमेलवर येतो. म्हणजे ईमेल ज्याच्या हातात, त्याला बाकीची कुलपं फोडावी लागत नाहीत. तो ती किल्लीनेच उघडतो.

अँड्रॉइड फोनवर जीमेल म्हणजे पूर्ण गूगल खातं असतं. त्यात फोटो, नंबरांची यादी, क्रोममध्ये जपून ठेवलेले पासवर्ड, यूट्यूबवर काय पाहिलं त्याची नोंद, हे सगळं येतं. हरवलेला फोन शोधायची सोयही त्याच खात्यात असते. तुमचं गूगल खातं दुसऱ्याच्या फोनवर उघडलेलं असेल, तर तुमचा फोन आत्ता कुठे आहे हे त्याला नकाशावर पाहता येतं. तुम्ही "बाजारात चाललेय" सांगून वकिलाकडे गेलात, तरी त्याला ठिकाण दिसू शकतं.

तो नक्की कसा बघतो?

यासाठी हॅकर लागत नाही. घरातल्या माणसाकडे वाटा सरळ असतात:

१. पासवर्ड त्याला आधीपासून माहीत आहे, किंवा अंदाज करता येतो. मुलांची नावं, जन्मतारखा, लग्नाची तारीख हे त्याला पाठच असतं.

२. खातं त्याच्या फोनवर, घरच्या लॅपटॉपवर किंवा जुन्या टॅबवर उघडंच राहिलंय.

३. रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल त्याचा आहे. तुम्ही पासवर्ड कितीही वेळा बदला, तो 'विसरलो' दाबून परत आत येऊ शकतो.

४. मेल गुपचूप पुढे जातात. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग लावलं की येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर जाते. फिल्टर लावून ठरावीक मेलच पुढे पाठवता येतात, आणि तुमच्या इनबॉक्समध्ये दिसायच्या आत ते हटवताही येतात. ही व्यवस्था पासवर्ड बदलला तरी बंद होत नाही.

५. सिमकार्ड त्याच्या नावावर आहे. नंबर तुम्ही १० वर्षं वापरत असाल, पण नाव त्याचं असेल तर तो दुकानात जाऊन त्याच नंबरचं दुसरं सिम काढू शकतो. मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात.

६. फोनच त्याच्या हातात येतो. पॅटर्न मुलांना माहीत असतो, बोट झोपेत लावून घेता येतं. कधी फोनमध्ये पाळत ठेवणारं अॅपही टाकलेलं असतं. तसं असेल तर त्या फोनवर तुम्ही टाईप केलेला नवा पासवर्डही त्याला दिसू शकतो.

तुम्ही न सांगितलेली ऑर्डर त्याला माहीत असते, न उघडलेले मेल वाचलेले दिसतात, तुम्ही कुठे गेला होतात हे तो नेमकं सांगतो. असं वारंवार होत असेल तर वरच्यापैकी एखादी वाट उघडी आहे असं धरून चाला.

मग लगेच पासवर्ड का बदलायचा नाही?

कारण बदल लपत नाही. पासवर्ड बदलला की त्याच्या फोनवरचं खातं बंद पडतं. रिकव्हरीचा नंबर बदलला की जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर सूचना जाते. शिवाय गूगलचा एक नियम लक्षात ठेवा: रिकव्हरीचा नंबर किंवा ईमेल बदलल्यावरही पुढचे ७ दिवस जुन्या नंबरवर किंवा ईमेलवर कोड मागवायची सोय गूगल देऊ शकतं. म्हणजे तुम्ही दार लावलं, त्याला आवाज गेला, आणि कुलूप मात्र अजून पक्कं बसलेलं नाही.

जो माणूस ताबा ठेवण्यासाठीच छळ करतो, त्याचा ताबा अचानक सुटला की त्याचा राग वाढू शकतो. बाई घर सोडायच्या तयारीत आहे असं त्याला वाटतं, तो काळ सगळ्यात जोखमीचा. म्हणून आपला नियम असा:

आधी नवं घर बांधायचं, सामान हळूहळू हलवायचं, जुन्या घराचं कुलूप सगळ्यात शेवटी बदलायचं.

तुम्ही आधीच वेगळ्या, सुरक्षित जागी राहत असाल तर कुलूप बदलायला उशीर करू नका. पण त्याच्याबरोबर एकाच छपराखाली असाल, तर पुढचा क्रम पाळा. कधी काय करायचं हा निर्णय तुमचाच. त्याचा स्वभाव तुमच्याइतका दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

पायरी पहिली: सुरक्षित फोन शोधा

ज्या फोनवर नजर आहे, त्यावर कुठलीही नवी तयारी करू नका. इन्कॉग्निटोमध्येसुद्धा नाही. इन्कॉग्निटोने हिस्टरी साठत नाही एवढंच. फोनमध्ये पाळतीचं अॅप असेल तर त्याला इन्कॉग्निटो अडवू शकत नाही.

बहिणीचा किंवा मैत्रिणीचा फोन चालेल, पण तो त्याच्या हाती कधीच येत नाही याची खात्री करा. काम झालं की खात्यातून बाहेर पडा आणि खातं निवडायच्या पानावरून तुमचा पत्ताही काढून टाका. नुसतं लॉगआउट केलं तर पत्ता तिथे दिसत राहतो. कॉम्प्युटर असेल तर क्रोममध्ये 'गेस्ट' म्हणून शिरा.

आणि हो, पाळतीचं अॅप सापडलं तरी ते लगेच काढू नका. ते काढल्याचंही त्याला कळतं. शिवाय तो पुरावा आहे.

पायरी दुसरी: नवा, शांत ईमेल

सुरक्षित फोनवरून नवं खातं काढा. काही गोष्टी सांभाळा:

• पत्त्यात तुमचं नाव, आडनाव, धंद्याचं नाव, जन्मसाल काही नको. फोटो लावू नका.

• रिकव्हरीसाठी जुना ईमेल किंवा घरातला नंबर देऊ नका. विश्वासाच्या एका व्यक्तीचा नंबर द्या, तिला विचारून.

• पासवर्ड कधीच न वापरलेला हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. मुलांची, देवाची, गावाची नावं टाळा.

• टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ते लावल्यावर गूगल १० बॅकअप कोड देतं. ते कागदावर लिहून माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. घरच्या कपाटात नको.

• हे खातं तुमच्या रोजच्या फोनवर उघडू नका. जुन्या ईमेलवरून या नव्या पत्त्यावर काहीही पाठवू नका. एक मेल गेला तरी नवा पत्ता त्याच्या डोळ्यासमोर येईल.

हा ईमेल आधी फक्त तीन कामांसाठी: वकील किंवा समुपदेशक, पुरावे साठवणं, आणि पुढे महत्त्वाची खाती हलवणं. गिऱ्हाइकांना हा पत्ता देऊ नका. धंद्यासाठी नंतर तिसरा ईमेल काढू.

जुना ईमेल तोवर नेहमीसारखाच चालू ठेवा. ऑर्डरी, बिलं, सणाच्या ऑफर येऊ द्या. तो अचानक शांत पडला तर ते डोळ्यात भरतं.

पायरी तिसरी: पाया घाला, सिम आणि आधार

बऱ्याच ताई इथे अडकतात. ईमेल नवा काढला, पण आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला. मग उद्यमचा ओटीपी त्याच्याकडे, इन्कम टॅक्सचा त्याच्याकडे.

म्हणून क्रम असा. आधी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कागदपत्रांवर सिम घ्या. मग आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडा. त्यासाठी तुमचे बोटांचे ठसे लागतात, नवऱ्याची सही लागत नाही. त्यानंतर स्वतःच्या एकटीच्या नावावर, शक्यतो वेगळ्या बँकेत, बचत खातं उघडा. पासबुक आणि पत्रं कुठल्या पत्त्यावर येणार हे फॉर्म भरतानाच विचारा. घरच्या दारात बँकेचं पाकीट पडलं तर एवढी सगळी मेहनत वाया जाईल.

यातही बदलाची सूचना जुन्या नंबरवर जाऊ शकते असं धरूनच वेळ निवडा. घर सोडायचं ठरलं असेल तर आधार आणि सरकारी पोर्टलचे बदल त्या दिवसाच्या अगदी आसपास, किंवा बाहेर पडल्यावर करा.

पायरी चौथी: जुन्या खात्याची झडती

वेळ योग्य आहे असं वाटलं, शक्यतो तुम्ही सुरक्षित जागी असताना, की एकाच बैठकीत हे सगळं करा. कॉम्प्युटरवर बसा, कारण जीमेलची काही सेटिंग फोनच्या अॅपमध्ये दिसत नाहीत.

आधी फोटो काढा. जीमेलच्या पानावर अगदी खाली उजवीकडे 'डिटेल्स' असा शब्द असतो. तिथे खातं कधी, कुठून उघडलं गेलं याची अलीकडची यादी दिसते. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात कुठली कुठली उपकरणं जोडलेली आहेत तेही दिसतं. दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. साफसफाई त्यानंतरच.

मग या क्रमाने:

१. पासवर्ड बदला.

२. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल बदला.

३. ओळखीची नसलेली, आणि त्याची, सगळी उपकरणं एकेक करून साइन आउट करा. पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणचं खातं बंद होतं, पण सगळीकडचं होतंच असं नाही. म्हणून यादी स्वतः तपासा.

४. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' बघा. तिथे अनोळखी पत्ता असेल तर काढा.

५. 'फिल्टर्स' बघा. तुम्ही न लावलेला फिल्टर असेल तर त्याचाही फोटो घ्या आणि काढा.

६. 'अकाउंट्स' या भागात दुसऱ्या कुणाला तुमचं खातं वापरायची परवानगी दिलेली आहे का ते बघा.

७. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग आणि गूगल फोटोजमधलं शेअरिंग बंद करा.

८. टू-स्टेप लावा. नंबरची खात्री नसेल तर एसएमएसवर विसंबू नका. ऑथेंटिकेटर अॅप आणि बॅकअप कोड वापरा.

व्हॉट्सअॅप विसरू नका. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये घरचा लॅपटॉप जोडलेला असेल तर तुमचे निरोप तिथे वाचले जातात. तो काढा आणि टू-स्टेपचा पिन लावा. फोनला बोटाच्या ठशाऐवजी सहा आकडी पिन ठेवा. तो मुलांना सांगू नका. लेकरांवर गुपिताचं ओझं टाकायचं नाही, आणि बाबांनी विचारलं तर त्यांना खोटं बोलायला लावायचं नाही.

एक पथ्य आपणही पाळायचं. त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत असला तरी त्याच्या खात्यात शिरू नका. उद्या कोर्टात तेच तुमच्यावर उलटेल.

पायरी पाचवी: धंद्याची कागदपत्रं, आणि पत्ता!

आता धंदा नव्या ईमेलवर आणायचा. हा तिसरा ईमेल, फक्त धंद्याचा. टू-स्टेप, बॅकअप कोड सगळं यालाही लावा.

उद्यम: बदल उद्यमच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीने होतो. पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.

जीएसटी: ईमेल आणि मोबाईल हा 'नॉन-कोअर' बदल आहे, तो पोर्टलवरच करता येतो. लॉगिनच हातून गेलं असेल, तर तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखपत्र आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन जा. ईमेल आणि नंबर बदलून द्यायची सोय त्यांच्याकडे आहे.

गूगलवरची धंद्याची नोंद: मालक आणि मॅनेजर म्हणून कोण कोण आहे ते बघा. नवऱ्याचं नाव 'ओनर' म्हणून असेल आणि तुमचं नसेल, तर आधी स्वतःला जोडून घ्यावं लागेल.

इन्स्टाग्राम, फेसबुक पेज, ऑनलाइन दुकानं: प्रत्येक ठिकाणी ईमेल, नंबर, आणि पैसे ज्या बँक खात्यात जमा होतात ते खातं, तिन्ही तपासा. ईमेल तुमचा झाला पण पैसे जुन्या जोडखात्यात पडत राहिले, असं होऊ देऊ नका.

आता पत्त्याचा धोका. ईमेल कितीही लपवला तरी धंद्याची कागदपत्रं पत्ता सांगून टाकतात. जीएसटी नंबर टाकून कुणालाही पोर्टलवर धंद्याचं मुख्य ठिकाण पाहता येतं, त्याला लॉगिन लागत नाही. तुम्ही माहेरी किंवा निवाऱ्यात राहायला गेलात आणि तोच पत्ता जीएसटीत टाकलात, तर तो सगळ्यांसाठी उघडा झाला. पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या लेबलवर बनवणाऱ्याचा पत्ता छापावाच लागतो. बिलावर, कुरिअरच्या पाकिटावर 'पाठवणार' म्हणून पत्ता जातो. मेलच्या शेवटी सहीत पत्ता आपोआप येतो.

उपाय काय? राहायची जागा आणि धंद्याची जागा वेगळी ठेवा. बचत गटाचं किंवा महिला संस्थेचं सामाईक स्वयंपाकघर, भाड्याचा छोटा गाळा, ओळखीच्या दुकानातला कोपरा, जे जमेल ते. मात्र त्या जागेची संमती आणि कागद रीतसर असू द्या. गूगलवरच्या नोंदीत पत्ता लपवून फक्त 'या भागात सेवा देतो' असं दाखवता येतं, ते करा. कुरिअर असेल तर पार्सल स्वतः त्यांच्या ऑफिसात नेऊन द्या.

पुरावा पुसू नका

धमकीचा मेल आला की हात आपोआप डिलीटकडे जातो. थांबा. तो मेल मूळ जागी तसाच राहू द्या. स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसली पाहिजे. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबांवर दाबलं की मेल डाउनलोड करता येतो, तोही करून ठेवा. एका वहीत तारखेप्रमाणे चार ओळी लिहा: काय झालं, कधी, कुणी पाहिलं. वही घरात नको.

भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याबरोबर एक प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याची चिंता आत्ता नको, ते वकील बघतील. तुमचं काम एवढंच, मूळ मेल आणि मूळ फोन जपणं.

कायदा काय म्हणतो?

"नवरा-बायकोत कसलं गुपित?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कायदा वेगळं सांगतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेत हेच ३५४ ड म्हणून होतं, २०१३ मध्ये आलेलं. बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषाने पाळत ठेवणं हा यात गुन्हा आहे. 'ईमेल' हा शब्द कलमातच लिहिलाय. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा खात्यात बेइमानीने शिरणं येतं, तर ६६ सी खाली दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं. दोन्हींना ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी त्याला तुमच्याशी संपर्क करायला बंदी घालू शकतात, इलेक्ट्रॉनिक संपर्कसुद्धा. तुमच्या कामाच्या ठिकाणी यायलाही बंदी घालता येते. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदार, यांनाही तो लागू होतो. भावाने बहिणीच्या धंद्यावर असा ताबा ठेवला तरी ती दाद मागू शकते.

तुमच्या प्रकरणात कुठलं कलम लावायचं हे वकिलाला विचारा. वकील परवडत नाही असं म्हणू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा.

मदत कुठे?

आत्ता जिवाला धोका असेल तर ११२.

महिला हेल्पलाइन १८१. राष्ट्रीय महिला आयोगाची हेल्पलाइन ७८२७१७०१७०, ती २४ तास चालते. खात्यात शिरून पैसे काढले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०.

जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथे समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि काही दिवसांचा निवारा एका जागी मिळतो. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात 'महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष' चालतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर तो सुरू केला होता, आता अनेक जिल्ह्यांत आहे. तिथे समाजकार्य शिकलेल्या ताई बसतात, त्यांच्याशी निवांत बोलता येतं.

हे नंबर स्वतःच्या फोनवरून लावले तर ते कॉलच्या यादीत दिसतात. मैत्रिणीच्या फोनवरून लावा.

आपण बाकीच्यांनी काय करायचं?

हा भाग प्रशिक्षकांसाठी, टॅक्सचं काम करणाऱ्यांसाठी, बचत गटाच्या अध्यक्षांसाठी, महा-ई-सेवा केंद्रावरच्या दादांसाठी.

नोंदणी करताना "ईमेल कुठला टाकू?" म्हणून तुम्ही मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघता ना, ते बंद करा. धंदा तिचा, तर ईमेल तिचा, सिम तिचं, पासवर्ड तिने स्वतः टाईप केलेला. घर सुखाचं असलं तरी हेच. पैसे, बिलं, मेल नवऱ्याला दाखवायचे की नाही हे तिला तिच्या मर्जीने ठरवू द्या.

नवऱ्याचा फोन आला, "मॅडमच्या जीएसटीचा पासवर्ड द्या, ती घाईत आहे," तर द्यायचा नाही. "त्यांनाच फोन करायला सांगा" एवढंच बोला. आणि एखाद्या ताईने "ऑफिसला दुसरा नंबर लिहून घ्या, जुन्यावर फोन करू नका" असं सांगितलं, तर कारण विचारत बसू नका. लिहून घ्या आणि जुना नंबर खरोखर काढून टाका.

आजचा गृहपाठ

एक कागद घ्या. धंद्याची जितकी खाती आहेत तितकी लिहा. प्रत्येकासमोर तीन रकाने: ईमेल कुणाचा, नंबर कुणाचा, बँक खातं कुणाचं. बदल आज काहीच करायचा नाही, फक्त लिहायचं.

घरात सगळं छान असेल तर महिनाभरात तिन्ही रकाने स्वतःच्या नावावर आणा. आणि घरात नजर असेल, तर तो कागद घरी नेऊ नका. मैत्रिणीकडे ठेवा, किंवा पाठ करून फाडून टाका. पुढची पायरी कुठली आणि कधी, ते १८१ वरच्या किंवा विशेष कक्षातल्या ताईंशी बोलून ठरवा.

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे भेटू, दिवाळीच्या ऑर्डरींचा हिशोब घेऊन. तोवर सांभाळून राहा, ताई.